विश्लेषण : टायरवरच्या आकड्यांचा अर्थ काय? ‘डनलॉप’ यांच्या आयुष्यातून काय समजते?

गाडीचे टायर बदलायची वेळ आली की दुकानात हमखास एक प्रश्न निघतो. मूळ मापाचेच टायर टाकायचे की एक इंच मोठे अलॉय व्हील घ्यायचे? मोठे चाक दिसायला रुबाबदार असते, पण माप चुकले तर खड्ड्यात रिम वाकते, स्टिअरिंग वळवताना टायर घासतो आणि मीटर चुकीचा वेग दाखवतो. हवेचा टायर व्यवहारात आणणारे जॉन बॉइड डनलॉप यांची कहाणी नेमकी याच प्रश्नाशी जोडलेली आहे.

कोण होते डनलॉप?

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोमध्ये पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. बेलफास्टमध्ये त्यांचा जनावरांचा दवाखाना चांगलाच चालत होता. ते पेशाने अभियंते नव्हते आणि टायरच्या धंद्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

हवेच्या टायरची कल्पना कशी सुचली?

त्या काळी सायकलींना भरीव रबराची धाव असे. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर त्यांचा मुलगा जॉनी याची तीनचाकी सायकल जोरात हादरायची. १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडी चकतीभोवती रबराची नळी बसवली, ती कापडाने गुंडाळली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग सायकलचे जुने चाक आणि ही चकती अंगणात घरंगळत सोडली. जुने चाक लवकर थांबले. हवेचे चाक मात्र पुढे जात राहिले आणि फाटकाच्या खांबाला धडकून उलटे फिरले. धक्के कमी बसतातच, शिवाय चाक कमी जोरात जास्त लांब जाते, हे त्यांच्या लक्षात आले. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम या सायकलपटूने हे टायर वापरून बाजी मारली. आयर्लंडमधील उद्योजक हार्वे द्यु क्रॉस यांनी ही संधी ओळखली आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये टायर कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या हवाली केले.

मग पेटंट का टिकले नाही?

दोन वर्षांतच कळले की ही कल्पना आधीच नोंदवली गेली होती. स्कॉटलंडचेच रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा बाजारात ना आजच्यासारखी सायकल होती ना मोटार, त्यामुळे ते विस्मरणात गेले. डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले.

कंपनी वाचली ती रिममुळे. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होते. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या काठात तार घालून तो खोलगट रिममध्ये बसवण्याची पद्धत शोधली. कंपनीने ते पेटंट मिळवले. टायर आणि रिम एकमेकांच्या मापाचे असले पाहिजेत, हा आजचा नियम तिथूनच आला. आजच्या टायरच्या काठातही तारच असते.

डनलॉप यांच्या पदरी काय पडले?

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि लगेच ५० लाख पौंडांच्या भांडवलाने बाजारात आली. त्यांचे नाव जगभर गेले, पण त्या संपत्तीत त्यांचा वाटा फारसा नव्हता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हे माप घेऊ. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. तिचे पेटंट मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये घेतले. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरवर कमाल ५६० किलो. ‘एच’ म्हणजे कमाल वेग ताशी २१० किमी.

मोठे चाक घ्यावे का?

घेता येते, पण टायरसह चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. वरच्या मापात ती सुमारे ६२२ मिमी आहे. १९५/५५ आर १६ घेतल्यास ६२१ मिमी होते, म्हणजे हिशेब जुळला. २०५/६० आर १६ घेतल्यास मात्र ६५२ मिमी होते. मग मीटर खऱ्या वेगापेक्षा जवळपास ५ टक्के कमी वेग दाखवेल आणि टायर आतल्या बाजूला घासण्याची शक्यता वाढेल.

उंची जुळली तरी किंमत मोजावी लागतेच. १५ इंची चाकावर कडेची उंची १२० मिमी होती. ती १६ इंचीवर १०७ आणि २०५/४५ आर १७ वर ९२ मिमी उरते. रिम जेवढी वाढते, तेवढी डनलॉप यांनी जॉनीसाठी भरलेली हवेची गादी पातळ होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो धक्का रिम आणि सस्पेन्शनला सोसावा लागतो.

खरेदीआधी काय तपासावे?

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर किंवा गाडीसोबतची पुस्तिका पाहावी. कंपनीने दिलेली मापे आणि हवेचा दाब तिथे असतो. भारांक मूळपेक्षा कमी घेऊ नये. १९५/५५ आर १६ मध्ये ८७ भारांकाचे टायर मिळतात. त्यात प्रत्येक चाकामागे १५ किलो, म्हणजे चार चाकांत ६० किलो क्षमता घटते. नवीन रिमची रुंदी आणि बोल्टची छिद्रे जुळतात का, हेही पाहावे. एका धुरीवर दोन वेगळ्या मापांचे टायर कधीही टाकू नयेत. आणि गाडी बहुतेक वेळ खराब रस्त्यावरच चालत असेल, तर मूळ माप बदलू नये.