उपेंद्रनाथ ब्रह्मचारी
सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१९ डिसेंबर १८७३ – ६ फेब्रुवारी १९४६) हे काळा आजारावर प्रभावी औषध शोधणारे भारतीय वैद्यकशास्त्रज्ञ होते. गणित व रसायनशास्त्राच्या अभ्यासानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९०४ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

काळा आजाराचे परजीवी वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरतात. बंगाल व आसामात या रोगाचे अनेक बळी जात. टार्टर इमेटिक हे अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचे संयुग तेव्हा शिरेतून दिले जाई. परंतु ते विषारी होते व उपचार दीर्घकाळ चालत. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहान, गैरसोयीच्या खोलीत ब्रह्मचारींनी १९२० मध्ये पंचसंयुजी अँटिमनीपासून 'युरिया स्टिबामाइन' तयार केले. ते कमी विषारी असून त्याचा गुण लवकर येई. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या त्वचेवर पुढे उद्भवणाऱ्या विकाराचे वर्णनही त्यांनी १९२२ मध्ये केले.

१९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३६ मध्ये होळकर संस्थानातील इंदूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. बिहारमधील परजीवी अँटिमनीला दाद देईनासे होईपर्यंत, त्यांच्या निधनानंतरही अनेक दशके पंचसंयुजी अँटिमनी हाच या रोगावरील मुख्य उपचार राहिला.