मुठीएवढे भांडवल

वाणिज्य शाखेत पाऊल टाकले की पहिला धडा भांडवलाचा. भांडवलाशिवाय धंदा नाही, हे आम्ही घोकून पाठ करतो. पण हाती भांडवल नसताना ज्याने गावोगाव शाळा उभ्या केल्या, अशा एका माणसाचा हिशेब मला कित्येक दिवस सतावतो आहे. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडील कुंभोज गावचा, जैन कुटुंबातला. मॅट्रिकच्या अलीकडेच शिक्षण थांबले. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता त्यांना शेतकऱ्याचे घर कळले. घरात हुशार पोर होते, पण जवळ शाळा नव्हती आणि शहरात ठेवून शिकवण्याची ऐपत नव्हती. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत.

मुले वाढली, तशी कोठी रिकामी पडू लागली. पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मुलांच्या पोटासाठी दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या वारल्या. पण दागिने एकदाच मोडता येतात. मुलांना भूक रोज लागते. त्या भुकेला उत्तर होते मुष्टिफंडाचे. घरच्या बाईने दळणातले मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि ते गोळा करून वसतिगृहात आणायचे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. शाळेत असताना नव्या वर्गखोलीसाठी आम्ही मुले पावतीपुस्तक घेऊन गावात फिरलो होतो. एका म्हातारीने पदरातून शेरभर जोंधळे पुढे केले. पावतीवर रकाना रुपयांचा होता. मी हसून म्हटले, आजी, हे लिहू कुठे? ती काही न बोलता आत गेली. खोली झाली, तिच्या भिंतीत त्या आजीचा वाटा नाही, तो मी नाकारला.

भाऊरावांनी असा वाटा कधी नाकारला नाही. १९४७ मध्ये त्यांनी साताऱ्यास शिवाजी कॉलेज काढले. तेथे गरीब मुले श्रम करून शिकू लागली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावे एकशे एक हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद पडले. अशा वेळी दुसरी एखादी संस्था मोडली असती. ही तगली, कारण रयत ही तिची नुसती देणगीदार नव्हती, भागीदार होती. गाडगेमहाराजांसारखा फकीर माणूसही पाठीशी उभा राहिला. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला ती मिळाली आणि ९ मे रोजी ते गेले.

ताळेबंदात मूठभर धान्याला किंमत फार थोडी. पण ज्या घरातून ती मूठ निघते, ते घर शाळेकडे परकेपणाने पाहत नाही. पुन्हा कधी पावतीपुस्तक हाती आले, तर जोंधळ्यांसाठी एक रकाना मी स्वतः आखून घेईन.