सावकाशीचे व्रत

वर्षाकाठी पाच-सहा चित्रांपलीकडे ज्याची मजल जात नाही, त्या कलावंताला व्यवहारी जग आळशी ठरविते. वासुदेव गायतोंडे यांनी या हिशेबाची पर्वा केली नाही.

१९२४ साली नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले आणि १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत माणसे होती; भारतीय लघुचित्रांची आणि पॉल क्ले यांची छाप होती. पुढे आकृती रेषांपुरती उरली आणि अखेर रंगात विरून गेली. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, त्यापूर्वीच ही वाट त्यांनी धरली होती.

रोलरने रंगाचा थर द्यावा, सुरीने तो खरवडावा, पुन्हा थर द्यावा, अशी त्यांची रीत. प्रत्यक्ष रंगविण्यापेक्षा चिंतनातच अधिक काळ जाई. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना रुचत नसे. मूर्त वस्तूपासून काही वेगळे काढावे, असा त्यांचा उद्देशच नव्हता.

१९७२ साली ते दिल्लीत गेले आणि निजामुद्दीनमधील लहानशा जागेत एकाकी राहिले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास अशक्य झाले, तेव्हा त्यांनी कागदावर छोटी रेखाटने केली. २००१ साली त्यांचे निधन झाले.

२०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. लोकांच्या स्मरणात हा आकडाच राहिला. तो मिळविण्यासाठी मात्र गायतोंडे यांनी एकही चित्र घाईने हातावेगळे केले नव्हते.