गॅरी किल्डॉल: बूट होताना मशीनकडे किती मागायचं, हे ठरवणारा माणूस

मागे एका छोट्या बोर्डसाठी मी लिनक्स कर्नल कंपाइल करत होतो. मेमरी कमी होती, म्हणून जे गरजेचं वाटलं नाही ते कॉन्फिगमधून बंद करत गेलो. त्यात सीग्रुप्सही गेलं. बोर्ड चालू केला, कर्नल नीट उठला आणि सिस्टमडीनं एरर छापून तिथेच मान टाकली.

सिस्टमडी म्हणजे काय? कर्नल उठल्यावर सगळ्यात आधी एक प्रोग्रॅम सुरू होतो आणि तो बाकीच्या सगळ्यांना उठवतो. बऱ्याच लिनक्स सिस्टीम्समध्ये हे काम सिस्टमडी करतं, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये इनिट नावाचा प्रोग्रॅम करतो. माझा घोळ असा झाला की सीग्रुप्स कर्नलच्या लेखी ऐच्छिक होतं आणि सिस्टमडीच्या लेखी सक्तीचं.

मग सिस्टीम सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरनं ऐच्छिक गोष्टींवर अवलंबून राहावं का? हा प्रश्न लिनक्सपेक्षा जुना आहे. पर्सनल कॉम्प्युटरच्या जगात त्याला पहिलं चांगलं उत्तर दिलं ते गॅरी किल्डॉलनं.

सिएटलचा मुलगा, नौदलाचा मास्तर

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झाला. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. त्याला गणिताचा शिक्षक व्हायचं होतं, पण वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर भेटला आणि गाडी तिकडे वळली. सक्तीच्या लष्करी सेवेचा भाग म्हणून तो कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात शिकवायला लागला. १९७२ मध्ये त्यानं पीएचडी केली. कंपायलरनं कोड कसा सुधारावा यावरचं त्याचं काम आजही कंपायलरच्या अभ्यासक्रमात शिकवलं जातं.

त्याच सुमारास इंटेलचे मायक्रोप्रोसेसर बाजारात आले. गॅरी इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि त्यानं त्यांच्यासाठी पीएल/एम ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली. त्याच्याकडे एक फ्लॉपी ड्राइव्ह होती, पण ती चालवणारा कंट्रोलर नव्हता. मित्र जॉन टोरोडेनं तो बनवून दिला आणि १९७४ मध्ये गॅरीची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम इंटेलच्या ८०८० चिपवर चालू लागली. इंटेलला ती विकण्यात रस नव्हता. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे नुसतं डिजिटल रिसर्च झालं.

बायॉसचा जन्म

आता अडचण बघा. त्या काळात प्रत्येक कंपनीच्या मशीनचं हार्डवेअर वेगळं होतं. डिस्क वेगळी, स्क्रीन वेगळी, प्रिंटर असेल किंवा नसेल. इमसाय कंपनीला सीपी/एम हवं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अख्खी सिस्टीम पुन्हा लिहिणं गॅरीला परवडणारं नव्हतं.

म्हणून त्यानं सिस्टीमचे दोन भाग पाडले. फाइल्स सांभाळणारा मुख्य भाग सगळ्यांसाठी तोच. हार्डवेअरशी थेट बोलणारा छोटा भाग मशीन बनवणाऱ्यानं आपापला लिहायचा. या छोट्या भागाचं नाव त्यानं ठेवलं बायॉस. हो, कॉम्प्युटरमध्ये आपण ऐकतो तोच शब्द.

सीपी/एम २.२ मध्ये बायॉसकडे फक्त १७ कामं होती: एक अक्षर वाच, एक अक्षर दाखव, डिस्क निवड, सेक्टर वाच, अशी. खरी गंमत पुढे आहे. मशीनला कागदी फीत वाचणारा रीडर नसेल तर? बायॉसनं फाइल संपल्याचं चिन्ह परत द्यायचं, बस. मागितलेली ड्राइव्हच नसेल तर? शून्य परत द्यायचं. म्हणजे सिस्टीम आधी विचारते, समोरून नाही आलं तर ते ऐकून घेते, आणि बूट थांबत नाही.

यामुळे शेकडो प्रकारच्या मशीन्सवर सीपी/एम पोचलं आणि एका ठिकाणी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालू लागला.

पण गॅरीच्याही काही अटी होत्याच. सीपी/एमला मेमरीच्या अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यापासून, लिहिता येणारी रॅम हवी होती. टीआरएस-८० मॉडेल १ मध्ये तिथे रॉम होता. त्यामुळे त्या मशीनवर नेहमीचं सीपी/एम चाललं नाही, आणि खास हलवलेली आवृत्ती आली तर तिच्यावर नेहमीचे प्रोग्रॅम चालेनात. एक सक्तीची अट, आणि एक लोकप्रिय मशीन बाहेर.

आयबीएम आणि तुटलेली भिंत

१९८० मध्ये आयबीएमची माणसं डिजिटल रिसर्चच्या दारात आली. गॅरी आधीच ठरलेल्या कामासाठी स्वतःचं विमान घेऊन गेला होता. तो मजा म्हणून उडत होता ही नंतर पसरलेली दंतकथा. गुप्ततेच्या करारावर सही करायला डोरोथी आणि वकील तयार झाले नाहीत. पुढे काय बोलणं झालं, याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. शेवटी आयबीएमनं मायक्रोसॉफ्टकडून डॉस घेतलं, ज्याच्या कॉल्सची रचना सीपी/एमसारखीच होती. नंतर आयबीएमनं दोन्ही विकायला ठेवलं: डॉस ४० डॉलरला, सीपी/एम-८६ २४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं हे वेगळं सांगायला नको.

१९८३ मध्ये लोटस १-२-३ हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला. वेग मिळावा म्हणून तो बायॉसला न विचारता थेट आयबीएम पीसीच्या स्क्रीन मेमरीत लिहायचा. वेग खरंच मिळाला. पण डॉस चालवणारी आणि हार्डवेअर वेगळं असलेली मशीन्स त्यामुळे निकामी ठरू लागली. कंपन्यांना आयबीएमची हुबेहूब नक्कल करण्यावाचून पर्याय उरला नाही. गॅरीनं बांधलेली भिंत वरच्या बाजूनं तुटली.

गॅरी थांबला नाही. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात तो अनेक वर्षं सहसूत्रधार होता, सीडी-रॉमवरच्या ज्ञानकोशावरही त्यानं काम केलं. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉवेलला विकली गेली. ११ जुलै १९९४ रोजी डोक्याला झालेल्या दुखापतीनं मॉन्टेरेमध्ये तो गेला. वय फक्त ५२.

तुमच्या फोनशी काय संबंध?

२०२२ मध्ये अँड्रॉइड १२ वर आधारलेलं लिनिएजओएस १९ आलं. अँड्रॉइडनं नेटवर्कच्या कामासाठी जुनं आयपीटेबल्स सोडून कर्नलमधलं ईबीपीएफ सक्तीचं केलं होतं, आणि त्याचे प्रोग्रॅम फोन सुरू होतानाच लोड होतात. जुन्या कर्नलमध्ये ते नव्हतं. धडधाकट असलेले कितीतरी फोन यादीतून गेले.

म्हणजे सक्ती नेहमी चूकच का? तसंही नाही. सिस्टमडीला एखाद्या सर्व्हिसनं सुरू केलेली सगळी पिल्लावळ धरून ठेवायची असते, आणि मुख्य प्रोसेसपासून निसटलेली पिल्लं शोधायला सीग्रुप्सइतका खात्रीचा उपाय नाही. अशी मागणी मला पटते.

माझं मत गॅरीकडे बघून बनलंय. ज्याच्याशिवाय कामच होणार नाही, तेवढंच सक्तीचं करा आणि ते आधीच स्पष्ट लिहा. गुगल अँड्रॉइडसाठी कर्नलच्या सक्तीच्या पर्यायांची यादी देतं, हे त्या दृष्टीनं बरोबर आहे. बाकी सगळं विचारा, आणि नाही ऐकायची तयारी ठेवा. कारण सुरू होण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वाढवलेल्या एका अटीची किंमत ती लिहिणारा मोजत नाही. ज्याच्या हातात पाच वर्षं जुना फोन आहे, तो मोजतो.

माझ्या बोर्डचं पुढे काय झालं? सीग्रुप्स परत चालू केलं. त्यावर सिस्टमडी वापरायचं हे माझंच ठरलं होतं, आणि ती अट त्याच्या रीडमीमध्ये आधीपासून लिहिलेली होती. मीच वाचली नव्हती.