मदनावतीचा पाद्री : विल्यम कॅरी

मराठी भाषेचे इंग्रजीतून लिहिलेले पहिले व्याकरण इ. स. १८०५ मध्ये छापले गेले, ते पुण्यात नव्हे आणि मुंबईतही नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपूर येथे. महाराष्ट्रातील श्रीरामपूरशी या गावाचा काही संबंध नाही. हुगळीच्या पश्चिम तीरावरचे हे टुमदार गाव त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. व्याकरणकर्ता विल्यम कॅरी याने महाराष्ट्राची भूमी कधी पाहिली नव्हती, आणि पुढेही ती पाहण्याचा योग त्याच्या नशिबी नव्हता. मराठी तो शिकला ती कलकत्त्यास येऊन राहिलेल्या एका मराठी पंडिताच्या साहाय्याने. छपाईच्या युगात महाराष्ट्राबाहेर मराठीची जी सेवा घडली, तिच्या इतिहासात या दोघांचे स्थान अगदी प्रारंभीचे आहे.

कॅरीचे नाव निघाले की श्रीरामपूरचा छापखाना, सुमारे चाळीस भाषांतील बायबलची भाषांतरे, कॉलेज, वृत्तपत्र असा वैभवाचा काळच डोळ्यांपुढे येतो. त्याआधी तरुण वयात तो या परक्या देशात येऊन पडला, तेव्हाची सहा-सात वर्षे सहसा थोडक्यात आटोपली जातात. मला ती अधिक बोलकी वाटतात. त्या वर्षांत त्याला धर्मप्रचारक म्हणून यश असे काहीच आले नाही. आणि त्यांची किंमत त्याच्याइतकीच, किंबहुना त्याच्याहून अधिक, दुसऱ्या कोणी तरी मोजली.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाला झाडे, पाखरे, किडे यांचे विलक्षण वेड. पण उन्हाने अंगाचा दाह होई, म्हणून शेतकामाचा नाद सोडून चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो पिडिंग्टन येथे जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस राहिला. उन्हाला भिणारा हा मुलगा पुढे चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढणार होता, हा दैवाचा खेळच म्हणायचा. धन्याच्या दुकानात बायबलच्या टीकेचे एक पुस्तक होते आणि त्यात मधूनमधून ग्रीक शब्द येत. ते त्याने उतरवून घेतले आणि जाणत्याकडून त्यांचा उलगडा करून घेतला. असे करता करता लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, डच या भाषा एकेक करून त्याने हस्तगत केल्या. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही.

१७८१ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचे लग्न झाले. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली केली आहे. पुढे कॅरी बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. मोल्टन गावी तो शाळा चालवी, रविवारी प्रवचन करी, उरलेल्या वेळात जोडे शिवी. तरीही घरात अन्नाची ददातच असे. दोन मुली लहानपणीच दगावल्या. त्याच्या भिंतीवर स्वहस्ते तयार केलेला जगाचा मोठा नकाशा होता. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून त्यावर देशोदेशींची लोकसंख्या आणि लोकांचा धर्म तो टिपून ठेवी. या सर्वांना येशूची वार्ता पोचविणे हे आपले कर्तव्य आहे, हा विचार तेथेच पक्का झाला. पंथातील वडीलधाऱ्यांना तो अव्यवहारी वाटे. १७९२ मध्ये त्याने या विषयावर एक पुस्तिका काढली आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एक मंडळ स्थापन झाले. वर्गणीची आश्वासने तपकिरीच्या डबीत गोळा केली, ती भरली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर जग जिंकायला निघणारी माणसे वेडी ठरतात किंवा थोर ठरतात. कॅरीच्या बाबतीत लोकांनी दोन्ही म्हणून झाले.

बंगालमध्ये राहून आलेला जॉन टॉमस नावाचा एक जहाजी डॉक्टर मंडळाला भेटला आणि जाण्याचे ठरले ते बंगालला. डॉरथीने साफ नकार दिला. तिचे दिवस भरत आले होते, पदरी तीन मुलगे होते, आणि आपल्या परगण्याबाहेरचे जग तिने पाहिलेच नव्हते. तिला मागे ठेवून, आठ वर्षांच्या फेलिक्सला तेवढे बरोबर घेऊन कॅरी निघालाही. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे कप्तानाने त्यांना जहाजावरून उतरविले. दरम्यान डॉरथी बाळंत झाली. डॅनिश जहाज मिळणार असे कळताच पुन्हा तिची मनधरणी झाली, पुन्हा नकार. अखेरीस टॉमस एकटाच तिच्याकडे परत गेला आणि त्याने तिला असे काही बोलून घेतले की, बहीण किटी सोबत येत असेल तर येते, एवढी अट घालून ती उठली. एका दिवसात घर मोडून, काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन ही बाई कायमची देशोधडीला लागली. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले. ११ नोव्हेंबरला मंडळी कलकत्त्यास पोचली. कॅरी तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

परवाना नाही म्हणजे कंपनीच्या राज्यात राहण्याचा हक्क नाही. टॉमस मनाचा उदार, पण पैशाच्या व्यवहारात अगदी कच्चा. जुन्या कर्जाचे सावकार कलकत्त्यात त्याची वाटच पाहत होते. वर्षभर पुरेल म्हणून आणलेली रक्कम काही आठवड्यांत संपली. टॉमस शहरात डॉक्टरी थाटून बसला आणि कॅरी बायकामुलांसह माणिकतळ्याच्या एका बागेतील पडक्या घरात राहिला, तेही एका देशी सावकाराच्या कृपेने. डॉरथी आणि थोरला मुलगा हगवणीने आजारी पडले. या काळात कॅरीला खरा आधार मिळाला तो रामराम बसू या मुनशीचा. बसू फारसी जाणणारा, चतुर, आणि बंगाली गद्याचा पुढे आद्य लेखक ठरलेला. त्याच्याकडून कॅरी रोज बंगालीचे पाठ घेई. खिशात दमडी नसताना शिक्षकाची नेमणूक चालू ठेवणाऱ्या माणसाचे मन कोठे गुंतले होते, हे यावरून कळते.

१७९४ च्या आरंभी सुंदरबनाच्या कडेला देभट्टा येथे जंगल तोडून शेती करण्याचा त्याने घाट घातला. वाघांचा तो मुलूख. तेथील मिठाच्या खात्यावरील चार्ल्स शॉर्ट या इंग्रज अधिकाऱ्याने अनोळखी कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला. पुढे किटीचे त्याच्याशीच लग्न झाले, आणि डॉरथीच्या सोबतीला आलेली एकुलती एक जिवाभावाची व्यक्ती तिच्यापासून दूर झाली. एवढ्यात जॉर्ज उडनी या सज्जन व्यापाऱ्याने माळद्याच्या बाजूस मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर कॅरीला देखरेखीचे काम देऊ केले. पगार दरमहा दोनशे रुपये. शिवाय निळीचा व्यापारी म्हणून राहण्याची परवानगी. बोटीने कित्येक दिवस नदीनाले कापीत हे कुटुंब १७९४ च्या जूनमध्ये तेथे गेले. पगार मिळू लागताच कॅरीने मायदेशी कळविले की, आता मला तुमचे पैसे नकोत. मंडळातील काहींना त्याचे कौतुक वाटण्याऐवजी धर्मोपदेशक व्यापारात पडला याचीच चिंता वाटली, आणि तसा उपदेशही त्याला लिहून आला. हजारो मैलांवरून उपदेश करणे नेहमीच सोपे असते.

मदनावतीची हवा हिवतापाची. पहिल्याच पावसाळ्यात कॅरी मरणाच्या दारातून परतला, आणि ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. खड्डा खणायला माणूस मिळेना. हिंदूंना विटाळाची भीती. मुसलमान आपल्या धर्माच्या माणसाखेरीज इतरांना हात लावायला कचरत. शेवटी चार मुसलमानांनी कसाबसा खड्डा खणून दिला. जातिबंधनाविषयी कॅरी पुढे आयुष्यभर कठोरपणे लिहीत-बोलत राहिला, त्यामागे हा दिवस असावा असे मला वाटते.

त्या दिवसानंतर डॉरथी सावरली नाही. नवरा आपल्याशी एकनिष्ठ नाही, असे तिच्या मनाने घेतले. ती भर रस्त्यात त्याच्या मागे जाई आणि चारचौघांत त्याला नाही नाही ते बोले. पुढे तिला खोलीत कोंडून ठेवण्याची पाळी आली. त्या काळी अशा आजाराला उपचार नव्हता. दुसरे कोणी असते तर तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठविते. कॅरीने अखेरपर्यंत तिला घरात ठेवले, हे खरे. पण दोन वेळा नाही म्हणालेल्या बाईला समुद्रापार आणले कोणी, हा प्रश्नही त्याला चुकविता येणार नाही. शेजारच्या खोलीतून तिचे आक्रंदन चालू आहे आणि हा मेजाशी बसून ग्रीकचे बंगाली करतो आहे, असे त्या घराचे चित्र त्याच्या सहकाऱ्यांच्या कागदपत्रांतून उभे राहते. त्याला धीरोदात्त म्हणावे की निष्ठुर, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही.

काम मात्र अखंड चालू होते. कारखान्याच्या मजुरांत आणि आसपासच्या खेड्यांत हिंडून तो लोकांची बोली कानांत साठवी. मुलांसाठी त्याने शाळा काढली. बंगाली येऊ लागल्यावर, या देशाचे मन जाणायचे तर संस्कृतला पर्याय नाही, हे ओळखून त्याने तिचाही अभ्यास आरंभिला. नव्या कराराचे बंगाली भाषांतर मदनावतीतच जवळजवळ पुरे झाले. १७९८ मध्ये एक लाकडी छापयंत्र कलकत्त्यास विकत मिळाले, ते उडनीने त्याला घेऊन दिले. साहेब त्या यंत्राभोवती सारखा घुटमळतो हे पाहून गावकऱ्यांनी तो साहेबांचा देव ठरविला. ते फारसे चुकले नाहीत. धर्मांतर मात्र एकाही बंगाल्याने केले नाही. पूर आणि अवर्षण यांनी नीळ बुडाली, उडनीने कारखाना आवरता घेतला, आणि जवळच खिदिरपूर येथे स्वतःचा कारखाना घेऊन कॅरीने आपली शिल्लकही त्यात घातली.

१७९९ च्या ऑक्टोबरमध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सोबती इंग्लंडहून आले. कंपनीच्या धाकाने त्यांनी डॅनिश श्रीरामपूर गाठले, आणि खिदिरपूरचे सर्व नुकसान सोसून कॅरीही १० जानेवारी १८०० रोजी त्यांना जाऊन मिळाला. वॉर्ड मुद्रक होता; लाकडी यंत्राला धनी मिळाला. वर्षअखेरीस कृष्ण पाल या सुताराचा निखळलेला हात टॉमसने बसविला आणि तो ख्रिस्ती होण्यास तयार झाला. २८ डिसेंबरला हुगळीत त्याचा बाप्तिस्मा झाला. इतक्या वर्षांनी आलेल्या या यशाच्या आनंदाने टॉमसला वेड लागले. एकीकडे तो आणि दुसरीकडे डॉरथी, दोघांचा आक्रोश चालू असताना तो विधी पार पडला.

यापुढचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची बंगालीचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. संस्कृत आणि मराठी हे विषय मागाहून त्याच्याकडे आले. पगाराचा बहुतेक भाग तो श्रीरामपूरच्या सामाईक खजिन्यात घाली. कॉलेजात वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे पंडित मराठीसाठी होते. त्यांच्या साहाय्याने १८०५ चे व्याकरण सिद्ध झाले, आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. नवा करार १८११ मध्ये मराठीत आला. सिंहासन बत्तिशी, हितोपदेश ही गद्य पुस्तके त्यामागून निघाली, आणि रामराम बसूने बंगालीत लिहिलेले राजा प्रतापादित्याचे चरित्रही वैजनाथांच्या हातून मराठीत उतरले. मराठी छापील गद्याचा हा बालपणीचा काळ. त्या भाषेवर नागपुरी वळणाची छाप इतकी होती की मुंबईकडच्या वाचकांना ती परकी वाटे; तेथील अमेरिकन मिशनऱ्यांना नव्या कराराचे नवे भाषांतर करावे लागले, ते १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाल्यावर कॅरीची पुस्तके मागे पडली. पण घरापासून शेकडो कोस दूर बसून आपल्या बोलीतला शब्दन्‌शब्द एका परदेशी माणसाला समजावून देणाऱ्या वैजनाथ पंडितांची आठवण बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळींनी तरी ठेवायला हवी.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. खिळे वितळले, कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळाली. ठसे तेवढे वाचले. कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहू लागला. मदनावतीत भाषांतराची घडण करताना अंगी मुरलेली चिकाटी येथे कामास आली. ४ डिसेंबर १८२९ चा सतीबंदीचा कायदा बंगालीत आणण्याचे काम त्याच्याकडे एका रविवारी आले, तेव्हा प्रवचन दुसऱ्यावर सोपवून तो दिवसभर तेच करीत बसला. लहानपणीचे झाडांचे वेडही सुटले नाही. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या कुंभ्याला वनस्पतिशास्त्रात कॅरिया आर्बोरिया म्हणतात. ते नाव त्याचा मित्र डॉ. रॉक्सबर्ग याने त्याच्या सन्मानार्थ दिले आहे.

डॉरथी ८ डिसेंबर १८०७ रोजी श्रीरामपुरात वारली. सहा महिन्यांच्या आत कॅरीने शार्लट रूमर या विदुषी डॅनिश बाईशी विवाह केला. ती प्रकृतीने अधू, पण भाषांची जाणकार. तिच्या सहवासातली तेरा वर्षे त्याच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची गेली. तिच्या मृत्यूनंतर त्याने तिसरे लग्न केले. मायदेशी तो एकदाही परत गेला नाही. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथेच त्याचा अंत झाला. आपली कबर दुसऱ्या पत्नीच्या शेजारी असावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. डॉरथीची माती त्याच मिशनच्या दफनभूमीत आहे.