मम्मा मार्गरिता : एका संताची गरीब आई



ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेसाठीं एखादें चरित्र लिहून द्यावें, असें मंडळींनीं मला सांगितलें, तेव्हां प्रथम मोठमोठे संत डोळ्यांपुढें उभे राहिले : मठांचे संस्थापक, हुतात्मे, धर्मपंडित. परंतु मन तेथें ठरेना. धर्मगुरू ह्या नात्यानें इतक्या वर्षांत मीं पुष्कळ मातांचें गाऱ्हाणें ऐकलें आहे. बाप्तिस्म्याची मेजवानी, पहिल्या पवित्र कम्युनियनचा थाट, लग्नाचा मांडव. आणि मागाहून वर्षानुवर्षें फेडीत बसावें लागणारें कर्ज. खर्च केला नाहीं तर लोक नांवें ठेवतील, आणि केला तर मुलांच्या तोंडचा घास जाईल, अशा कात्रींत सांपडलेल्या मातेस कोणत्या संताचें चरित्र सांगावें? ह्या प्रश्नाचें उत्तर मला एका निरक्षर शेतकरी विधवेच्या जीवनांत सांपडलें. ती संत जॉन बॉस्को ह्यांची आई मार्गरिता होय.

इटली देशाच्या उत्तरेस पिएमोंते नांवाचा प्रांत आहे. त्यांतील कापरिल्यो ह्या लहानशा खेड्यांत ता. १ एप्रिल १७८८ रोजीं मार्गरिता ओक्किएना हिचा जन्म झाला. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. परंतु धर्मशिक्षणांतील प्रश्नोत्तरें व शुभवर्तमानांतील प्रसंग तिला मुखोद्गत होते. १८१२ सालीं फ्रान्चेस्को बॉस्को नांवाच्या विधुराशीं तिचा विवाह झाला. त्याला पहिल्या पत्नीपासून झालेला अन्तोनियो नांवाचा मुलगा होता आणि घरांत वृद्ध आईही होती. पुढें १८१३ सालीं जुझेप्पे व १८१५ सालीं जोव्हान्नी असे मार्गरितेस दोन पुत्र झाले. ह्यांतील धाकटा जोव्हान्नी हाच आपणां सर्वांस परिचित असलेला डॉन बॉस्को.

संसाराचीं पांच वर्षें पुरीं होतात न होतात तोंच घरावर आघात झाला. शेतांत घाम गाळून आलेला फ्रान्चेस्को थंडगार तळघरांत उतरला, त्यास न्युमोनिया झाला, आणि ता. ११ मे १८१७ रोजीं तो देवाघरीं गेला. मार्गरितेचें वय त्या वेळीं एकोणतीस वर्षांचें होतें. पदरीं तीन मुलगे, त्यांत एक सावत्र व एक दोन वर्षांच्याही आंतला. शिवाय म्हातारी सासू. आणि बेक्की ह्या वस्तीवर लहानसें घर व थोडीशी शेती.

त्याच वर्षीं दुष्काळ पडला. धान्याचे भाव इतके चढले कीं हातीं पैसा असूनही बाजारांत दाणा मिळेना. उपासमारीनें मेलेल्या माणसांच्या तोंडांत गवत आढळल्याचें पुढें डॉन बॉस्को ह्यांनीं लिहून ठेविलें आहे. मार्गरितेनें होता नव्हता तो पैसा एका शेजाऱ्याच्या हातीं देऊन त्यास बाजारोबाजार पाठविलें; तो रिकाम्या हातीं परत आला. घरांत त्या दिवशीं कोणाच्या पोटांत अन्न नव्हतें. तेव्हां तिनें सर्वांस गुडघ्यांवर बसवून प्रार्थना केली, आणि मग उठून, शेजाऱ्याच्या साह्यानें, गोठ्यांतलें वासरूं कापून मुलांस खाऊं घातलें. शेतकऱ्याच्या घरीं वासरूं म्हणजे उद्यांची मिळकत. परंतु कोणती वस्तु राखावी आणि कोणती वेळीं सोडावी, हें ती विधवा जाणत होती. काटकसर म्हणजे प्रत्येक वस्तूस मुठींत आवळून धरणें नव्हे. हा पहिला धडा आपण येथेंच गांठीं बांधून ठेवूं.

कांहीं काळानें तिला एक चांगलें स्थळ सांगून आलें. परंतु अट अशी कीं मुलांना दुसऱ्या पालकाच्या स्वाधीन करावें. पालक कितीही भला असला तरी तो मुलांचा केवळ स्नेही, आई तर मीच, असा विचार करून तिनें तें सुखाचें आयुष्य नाकारलें. मग तिचे दिवस शेतांत आणि रात्री सुताच्या चरख्यापाशीं जाऊं लागल्या. पहांटे मुलांस उठवून ती प्रार्थना करून घेई, संध्याकाळीं सर्वजण मिळून जपमाळ म्हणत. जेवण अगदीं साधें असे : मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, जाडी भाकर, परसांतला भाजीपाला. असें असूनही दारीं आलेला भिकारी विन्मुख गेला नाहीं. शिपायांच्या भीतीनें रानांत लपणारे लोकसुद्धां रात्रीं तिच्या दारीं येत आणि वाडगाभर गरम सार पिऊन जात.

तथापि हें घर म्हणजे नुसता स्वर्ग होता असें कोणी समजूं नये. अन्तोनियो वयानें मोठा, कष्टाळू, परंतु तापट. आपण शेतांत राबावें आणि धाकट्यानें पुस्तक घेऊन बसावें, हें त्यास खपेना. रोजच्या भांडणांनीं मार्गरितेचें मन पिळवटून निघे. सावत्र मुलास तिनें कधीं परकें मानलें नाहीं; आणि जोव्हान्नीस धर्मगुरू व्हावयाचें आहे, हेंही ती जाणून होती. अखेरीस १८२८ सालच्या फेब्रुवारींत, ऐन थंडीच्या दिवसांत, तिनें आपल्या बारा वर्षांच्या मुलास बोचकें बांधून दिलें आणि कोठें चाकरी मिळते का तें पाहावयास घराबाहेर पाठविलें. मोल्या नांवाच्या शेतकऱ्याकडे त्यानें जवळजवळ दोन वर्षें गुरें राखलीं. ह्या निर्णयाचें दुःख तिनें कसें गिळलें असेल तें एक परमेश्वर जाणे. पुढें मालमत्तेची वांटणी होऊन घरांत शांतता आली आणि मुलाच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १८३१ सालीं तो किएरी येथील शाळेंत गेला, तेव्हां त्याच्या राहण्याजेवण्याचा मोबदला म्हणून आईनें घरचें धान्य पोहोंचविलें.

१८३४ सालीं जोव्हान्नीच्या मनांत फ्रान्सिस्कन मठांत प्रवेश करावा असें आलें. गांवच्या धर्मगुरूंनीं मार्गरितेस समजावून सांगितलें कीं, म्हातारपणीं तुझा सांभाळ कोण करणार? मुलाचें मन वळीव. मार्गरिता डोंगर उतरून किएरीस गेली खरी. पण तिनें मुलास सांगितलें तें निराळेंच. त्यानें नीट विचार करून देवाच्या हांकेप्रमाणें चालावें, आईची चिंता करूं नये. गरिबींत ती जन्मली, गरिबींत जगली, आणि गरिबींतच तिला मरावयाचें होतें. तो धर्मगुरू होऊन जर कधीं श्रीमंत झाला, तर आपण त्याच्या घराची पायरीदेखील चढणार नाहीं, असेंही तिनें त्यास बजाविलें. आजच्या किती माता आपल्या मुलास असें सांगूं शकतील, हें प्रत्येकीनें आपल्या अंतःकरणास विचारावें. ता. ५ जून १८४१ रोजीं जोव्हान्नीस गुरुदीक्षा मिळाली. मिस्सा अर्पण करूं लागणें म्हणजे दुःख सोसूं लागणें होय, अशी आठवण आईनें त्यास त्या आनंदाच्या दिवसांतच दिली.

मार्गरितेस आतां अठ्ठावन्नावें वर्ष लागलें होतें. बेक्कीच्या घरीं जुझेप्पे व नातवंडें ह्यांच्या सहवासांत तिचे दिवस सुखाचे चालले होते. इकडे तुरीन शहरांत डॉन बॉस्को रस्त्यावरच्या अनाथ व कामकरी मुलांसाठीं झटत होते. १८४६ च्या उन्हाळ्यांत ते मरणोन्मुख आजारी पडले व बरे होण्यासाठीं घरीं आले. परत जातांना त्यांनीं आईस आपल्याबरोबर येण्याची विनंति केली, कारण ज्या वस्तींत त्यांना राहावयाचें होतें ती दारूच्या गुत्त्यांची व बदनाम वस्ती होती. ही देवाची इच्छा असेल तर येतें, एवढेंच म्हणून ती निघाली. ता. ३ नोव्हेंबर १८४६ रोजीं मायलेक पायीं चालत तुरीनला गेले. तिच्या हातावर कपड्यांची टोपली, त्यांच्या हातीं प्रार्थनेचें पुस्तक व कांहीं वह्या. एवढीच काय ती दोघांची संपत्ति. शहराच्या वेशीपाशीं फादर व्होला ह्या मित्र धर्मगुरूंनीं त्यांस ओळखलें. दोघांपाशीं फुटकी कवडीही नाहीं, हें ऐकून त्यांनीं आपलें खिशांतील घड्याळ काढून डॉन बॉस्को ह्यांच्या हातीं ठेविलें.

वाल्दोक्को येथील त्या भाड्याच्या खोल्यांत मार्गरितेच्या आयुष्याचा खरा कस लागला. लग्नांतील आपलीं वस्त्रें तिनें इतकीं वर्षें पेटींत जपून ठेविलीं होतीं. तीं आतां बाहेर निघालीं. कांहीं झग्यांचीं मिस्सावस्त्रें झालीं. तागाच्या कापडाचीं वेदीसाठीं लागणारीं वस्त्रें व रुमाल झाले. एक अंगठी आणि सोन्याची लहानशी सांखळी होती; ती विकून त्या वस्त्रांना लावावयाच्या फिती आणल्या. विधवेनें तीस वर्षें जपलेली आठवण देवाच्या वेदीवर गेली.

१८४७ च्या मे महिन्यांत एका पावसाळी रात्रीं पंधरा वर्षांचा एक मुलगा भिजून चिंब होऊन दारीं आला. तो गवंडीकामाच्या शोधांत परगांवाहून आलेला अनाथ होता. ह्यापूर्वीं अशाच आश्रय दिलेल्या मुलांनीं रात्रींतून चादरी व पांघरुणें चोरून नेलीं होतीं, ही गोष्ट मार्गरिता विसरली नव्हती. तरी तिनें त्यास जेवूं घातलें, चुलीपाशीं विटा व फळ्या मांडून अंथरूण घातलें, आणि निजण्यापूर्वीं प्रामाणिकपणा, कष्ट व देवभक्ति ह्यांविषयीं आईच्या मायेनें दोन शब्द सांगितले. सलेशियन संस्थांतून रोज रात्रीं मुलांना दोन बोधाचे शब्द सांगण्याची जी चाल आहे, तिचा उगम ह्याच रात्रींत आहे, असें मानतात.

एकाचे दोन झाले, दोहोंचे दहा, आणि पुढें तें घर मुलांनीं भरून गेलें. तीं तिला मम्मा म्हणत. ती स्वयंपाक करी, धुई, फाटकें सांधी, आणि परसांत भाजी लावी, म्हणजे तेवढाच बाजारचा खर्च वांचे. तिचा झगा फार जुना झाला म्हणून डॉन बॉस्को ह्यांनीं एकदां तिला नव्या झग्यासाठीं पैसे दिले. पुष्कळ दिवस लोटले तरी अंगावर झगा तोच! चौकशी केली तेव्हां कळलें कीं ते पैसे घरखर्चांत व एका मुलाच्या जोड्यांत केव्हांच संपून गेले होते.

परंतु तीही माणूसच होती. एके दिवशीं मुलांनीं लुटुपुटीच्या लढाईच्या भरांत तिचे भाजीचे सारे वाफे तुडवून टाकले. तेव्हां तिचा धीर सुटला. कपडे फाडून येतात, वाळत घातलेलें धुणें मातींत लोळवितात, आणि आतां हें! मला माझ्या बेक्कीच्या घरीं जाऊं दे, असें तिनें मुलास रडकुंडीस येऊन सांगितलें. डॉन बॉस्को ह्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविलें. मार्गरितेनें वर पाहिलें, डोळे पुसले, आणि पुन्हां कामाला लागली. त्यानंतर घरीं जाण्याची गोष्ट तिनें काढली नाहीं. माझ्या मतें तिच्या सबंध चरित्रांत ह्याहून मोठा प्रसंग नाहीं. थकलेल्या, चिडलेल्या, आपल्या कष्टांची माती झालेली पाहणाऱ्या प्रत्येक मातेचा तो प्रसंग आहे.

१८५४ सालीं तुरीनमध्यें पटकीची सांथ आली. डॉन बॉस्को ह्यांचीं मुलें रोग्यांची शुश्रूषा करावयास जात आणि पांघरुणें मागावयास मम्माकडे येत. देतां देतां घरांतलें सर्व कापड संपलें, तेव्हां तिनें वेदीवरचें वस्त्र सुद्धां काढून दिलें, असें सांगतात. त्याच सालच्या अखेरीस दोमिनिक साव्हियो हा बालक त्या घरीं राहावयास आला. त्याचें पावित्र्य प्रथम ओळखणाऱ्यांत ती एक होती. १९५४ सालीं पवित्र ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें.

दहा वर्षांच्या अखंड सेवेनंतर ता. २५ नोव्हेंबर १८५६ रोजीं, अडुसष्टाव्या वर्षीं, मार्गरितेनें न्युमोनियानें देह ठेविला. त्या पहांटे डॉन बॉस्को एका मुलास बरोबर घेऊन देवमातेच्या मंदिरांत गेले, त्यांनीं मिस्सा अर्पण केली, आणि पवित्र मारियेस विनविलें कीं, माझ्या मुलांना आतां आई उरली नाहीं, तूंच त्यांची आई हो. मार्गरितेचें दफन गरिबांच्या सामाईक स्मशानभूमींत झालें. तिची म्हणून दाखवावी अशी कबर आज नाहीं. मुलानें संतपद मिळविलें तें १९३४ सालीं ईस्टरच्या दिवशीं. ती तारीख १ एप्रिल, म्हणजे आईचा जन्मदिवस होता. २००६ सालीं ख्रिस्तसभेनें मार्गरितेसही पूजनीय ही पदवी दिली. मुंबईंत माटुंग्याच्या डॉन बॉस्को मंदिरांत आपल्यापैकीं पुष्कळजण भक्तीनें जातात. त्या कार्याच्या पायाशीं ह्या विधवेच्या लग्नाच्या वस्त्रांचे तुकडे आहेत, हें तेथें गुडघे टेकतांना आठवावें.

आतां थोडें आपल्याविषयीं. कृपणही खर्च करीत नाहीं आणि मार्गरिताही करीत नव्हती. मग दोघांत भेद कोणता? कृपण स्वतःसाठीं राखतो. तिनें राखलें तें देण्यासाठीं. तिची काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या ताटांत घालण्यासाठीं आपल्या ताटांतून काढलेला घास होता. आणि लोकांच्या तोंडासाठीं केलेल्या खर्चांत तर हें दोन्हीही नसतें. तेथें पोट मुलांचें मारलें जातें आणि वाहवा क्षणभर मिळते.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें मोकळीक देणारें वर्ष होय. त्या वर्षीं गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई आणि दास मुक्त होत. तेव्हां आपल्या ज्युबिलीच्या निमित्तानें एकाही घराच्या मानेवर नवें कर्ज बसूं नये, अशी माझी तुम्हांस कळकळीची विनंति आहे. मुलाच्या कम्युनियनच्या दिवशीं पंगत लहान असली तरी चालेल; त्या रात्रीं सर्व घर जपमाळेस एकत्र बसावें. पंगतींत वांचलें त्यांतून शेजारच्या एखाद्या अनाथ मुलाच्या पायांत जोडा घालावा. आणि ज्या दिवशीं तुमचे वाफे कोणी तुडवील, त्या दिवशीं, मातांनो, भिंतीवरील क्रुसाकडे एकदां वर पाहा.

पूजनीय मार्गरितेच्या विनंतीनें परमेश्वर आपल्या घरोघरच्या मातांस तिच्यासारखें सोपें हृदय आणि मोकळा हात देवो. आमेन.