नाना फडणीस : दप्तरातून चाललेली सत्ता

मराठीबाहेरच्या अभ्यासकाला नाना फडणीस बहुधा प्रथम भेटतो तो विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल या, १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातून. त्या नाटकातील नाना हा एका विशिष्ट सत्ताप्रकाराचे रूप आहे. इतिहासातील बाळाजी जनार्दन भानू याच्याशी त्याचे नाते दूरचे आहे. हे तेंडुलकरांनाही मान्य होते, आणि त्यावरून उठलेल्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु नाटकाने एक प्रश्न नकळत पुढे ठेवला आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे मोठे सैन्य नव्हते, ज्याने एकही लढाई आपल्या तलवारीवर जिंकली नाही, ज्याला गादीवर जन्मसिद्ध हक्क नव्हता, अशा एका हिशेबनिसाने शिंदे, होळकर, भोसले, निजाम, हैदर आणि इंग्रज यांच्यासारख्या प्रबळांना पंचवीस वर्षे आपल्या मसलतीत कसे गुंतवून ठेवले?

नानाचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. भानूंचे घराणे कोकणातील वेळासचे. आजा बाळाजी महादेव हा पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ याच्याबरोबर दिल्लीस गेला आणि १७१९ साली तेथील दंग्यात मारला गेला. तेव्हापासून पेशवे घराणे भानूंचे ऋण मानीत आले. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या नानाकडे फडणिशी आली. या पदाचे स्वरूप नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे चरित्र उलगडत नाही. राज्याचा जमाखर्च, सरदारांचे सरंजाम, फौजेच्या हजेऱ्या, सनदा आणि नेमणुका या सर्वांची नोंद फडणिशी दप्तरात होई. कोणत्या सरदाराचे किती स्वार कागदावर आहेत आणि किती प्रत्यक्ष घोड्यावर आहेत, कोणाकडे किती बाकी आहे, कोण कोणत्या सावकाराच्या देण्यात बुडाला आहे, हे फडणिसाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसे. सेनापतीला शत्रूचे बळ माहीत असते. फडणिसाला स्वकीयांची गरज माहीत असते.

पानिपतावर नाना आई आणि पत्नी यांच्यासह गेला होता, तो लढण्यापेक्षा तीर्थयात्रेच्या ओढीने. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी तो रणांगणातून निसटला. अंगावरची वस्त्रे टाकून, गवतात लपत, पायी चालत त्याने जीव वाचविला. पत्नी पुढे भेटली. आई मात्र कायमची अंतरली. हा वृत्तान्त त्याने स्वतः लिहून ठेवला आहे आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्या छोट्या आत्मचरित्राला मोठे मोल आहे. लेफ्टनंट कर्नल जॉन ब्रिग्ज याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रसिद्ध केले. बालपणीची देवपूजेची आवड, तारुण्यातील विषयवासना, मृत्यूचे भय, आईच्या वियोगाची टोचणी, हे सारे त्यात तो विलक्षण मोकळेपणाने सांगतो. बखरीच्या परंपरेत पुरुषाने आपले भित्रेपण असे उघडे केल्याची उदाहरणे शोधूनही फारशी सापडणार नाहीत. आणि ज्या वयात सत्ता त्याच्या हाती येऊ लागते, त्याच्या आधीच हे लेखन थांबते. यानंतरच्या चाळीस वर्षांत त्याने असंख्य पत्रे लिहिली, लिहविली. पण स्वतःविषयी असा पुन्हा कधी बोलला नाही. नानाच्या पुढील सामर्थ्याचा उगम या मौनात पाहणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मनुष्य भयाने काय काय करतो हे ज्याने स्वतःत पाहिले, तो ते दुसऱ्यांत सहज ओळखू लागला, आणि आपले मात्र कोणास ओळखू देईनासा झाला.

माधवराव पेशव्याच्या कारकिर्दीत, पेशवा मोहिमांवर असताना, पुण्याचा कारभार पाहता पाहता नानाची घडण झाली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊर येथे वारला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला आणि रघुनाथराव पेशवा झाला. त्याच्याविरुद्ध जे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, त्याचा ज्येष्ठ सूत्रधार सखारामबापू बोकील होता. त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, नानाचा चुलतभाऊ मोरोबा असे अनेक त्यात होते. नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. रघुनाथरावास पदच्युत करणे हे बारभाईंचे समान उद्दिष्ट होते. त्यापलीकडे प्रत्येकाचा हेतू निराळा होता. नानाची बुद्धी अशी की, या निराळ्या हेतूंना एकत्र बांधणारी एकच गाठ, म्हणजे ते मूल, आपल्या हाताखाली राहील अशी व्यवस्था त्याने पाहिली. मुलाच्या नावाने केलेली आज्ञा मोडणे म्हणजे स्वामिद्रोह, आणि ती आज्ञा लिहिणार फडणीस.

पुढील आठ वर्षे इंग्रजांशी झगडण्यात गेली. रघुनाथरावाने मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांशी सुरतेस तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अमान्य करून १७७६ साली पुरंदरचा तह केला. इंग्रजांच्या दोन दरबारांत एकमत नाही, ही गोष्ट नानाने त्या वेळी मनात नोंदवून ठेवली असावी. कारण मुंबई आणि कलकत्ता यांच्यातील त्या फटीत तो पुढे वारंवार बोट घालताना दिसतो. १७७७ साली सेंट ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला तेव्हा त्याचा मोठ्या थाटाने सत्कार झाला. फ्रेंचांची फौज कधीच आली नाही, परंतु इंग्रजांना तिचे भय मात्र खरेखुरे वाटले, आणि नानाचे काम तेवढ्यानेच झाले.

१७७८ साली मोरोबाने पुण्याचा कारभार बळकावला, हा प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. नानाने प्रतिकार केला नाही. तो पुरंदरावर गेला, मोरोबाशी गोड बोलणी लावली, सत्तेचा वाटा मान्य केल्यासारखे दाखविले आणि दरम्यान महादजी शिंद्यास पत्रे लिहीत राहिला. काही महिन्यांतच महादजी आला. मोरोबा पकडला गेला आणि अहमदनगरच्या किल्ल्यात पडला. वडगावच्या विजयानंतर, १७७९ मध्ये, वृद्ध सखारामबापूही कैद झाला; दोन वर्षांनी तो रायगडावर वारला. ज्याच्याकडून मसलतीचे धडे घेतले त्याच्याविषयी नानाने दया दाखविली नाही. चरित्रकारांनी याचे राजकीय समर्थन केले आहे आणि ते सर्वस्वी निराधार नाही. बापूचे रघुनाथरावाशी संधान होतेच. तरी यानंतर पुण्यात नानास समोर बसून चार विरोधी शब्द ऐकवील असा समवयस्क किंवा वडीलधारा मनुष्य उरला नाही, याची किंमत पुढे चुकवावी लागली.

१७८० च्या सुमारास पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध चौकडी जमली, हा नानाच्या कौशल्याचा उत्कर्ष होय. यांपैकी कोणाचाही कोणावर विश्वास नव्हता. नानाने विश्वासाची अपेक्षाच केली नाही. प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र लाभ दाखविला आणि प्रत्येक दरबारी आपला वकील बसवून रोजची बातमी मागविली. निजामाकडील गोविंदराव काळे, दिल्लीकडील हिंगणे घराणे यांची पत्रे वाचली म्हणजे लक्षात येते की, नानाला केवळ घडलेली गोष्ट नको असे. कोण बोलताना थांबला, कोणाच्या चेहऱ्यावर काय दिसले, हेही हवे असे. गुंतुरच्या प्रश्नावर निजाम आणि पैशावर भोसले इंग्रजांनी फोडले. म्हणजे नानाचेच शास्त्र वॉरन हेस्टिंग्जने त्याच्यावर चालविले. १७ मे १७८२ रोजी महादजीच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. नानाने त्यावर शिक्का उमटविण्यास विलंब लावला, कारण हैदर लढत होता तोवर पारडे कोणीकडे झुकेल हे ठरले नव्हते. डिसेंबरात हैदर वारला, तेव्हा शिक्का बाहेर आला.

महादजीशी त्याचे नाते शेवटपर्यंत गरजेचे आणि संशयाचे राहिले. १७९२ साली महादजी पुण्यास आला आणि तरुण पेशव्याचे मन जिंकू लागला. शिकारी, मेजवान्या, मोकळ्या गप्पा, म्हणजे जे नानाकडून कधी मिळाले नव्हते, ते सवाई माधवरावास या सरदाराकडून मिळू लागले. नानाचे शस्त्र पुन्हा हिशेबाचे. उत्तरेतील मोहिमांच्या जमाखर्चाचा वाद त्याने महिनोन्‌महिने चालविला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस वारला, तेव्हा हा वाद मृत्यूनेच मिटला. घाशीराम कोतवालाचा अंत याच्या थोडा आधीचा, १७९१ सालचा. कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण मेल्यावर शहर उसळले आणि आरंभी कोतवालास पाठीशी घालू पाहणाऱ्या नानाने त्याला जमावाच्या स्वाधीन केले. लोकांनी त्यास दगडांनी मारले. बातमीवर चालणाऱ्या कारभारात आपल्याच शहराची बातमी कारभाऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती, किंवा पोहोचूनही तिची दखल घेतली गेली नव्हती.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. मराठ्यांचे सारे सरदार एका निशाणाखाली उभे राहिल्याचा तो अखेरचा प्रसंग, आणि त्यांना एकत्र आणणारा नानाच. परंतु ज्याच्या नावाने हे सर्व चालले होते तो एकवीस वर्षांचा पेशवा नजरेखाली वाढला होता. जुन्नरास अटकेत असलेल्या बाजीरावाशी त्याचा चोरून पत्रव्यवहार सुरू झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा नानाने त्यास कठोर शब्दांनी दटाविले आणि मध्यस्थास कैदेत टाकले. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून खाली पडला आणि २७ तारखेस मरण पावला. तापाच्या भ्रमात पडला की उडी घेतली, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र त्या मुलाच्या सभोवती उभारलेला पहारा आणि नानाची सत्ता या एकाच वस्तूच्या दोन बाजू होत्या, ही गोष्ट दोन्ही पक्ष मान्य करतील.

गाठ सुटली आणि दोरे विखुरले. बाजीराव नको म्हणून नाना आधी अडून बसला, मग त्याच्याशीच बोलणी करू लागला. दौलतराव शिंदे आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी चिमाजीआप्पास गादीवर बसविले, तेव्हा तो जिवाच्या भयाने महाडास गेला. पानिपतावरून पळालेला तरुण आता चौपन्न वर्षांचा होता. महाडात बसून त्याने जे जुळविले त्याला तोड नाही. दौलतरावास परशुरामभाऊची जहागीर आणि अहमदनगरचा किल्ला, निजामास खर्ड्याची कमाई परत, भोसल्यास मुलूख, बाजीरावास पेशवाई, अशा वचनांवर सर्व विरोधी एकेक करून वळविले. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा आणि नाना कारभारी झाला. कारागिरी तीच होती, पण आता किंमत राज्याच्या भांडवलातून जात होती. पूर्वी त्याने दुसऱ्यांच्या लोभाचा उपयोग राज्यासाठी केला. महाडास राज्याचा उपयोग आपल्या बचावासाठी केला. नानाच्या भक्त चरित्रकारांना हा फरक दिसत नाही, आणि ग्रँट डफसारख्या टीकाकारास तो सर्वत्र, पहिल्या दिवसापासून दिसतो, दोघांचेही चुकते.

३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्याच्या छावणीत भेटीस गेला असता त्यास पकडण्यात आले. मायकेल फिलोज या शिंद्याच्या पदरच्या युरोपीय सरदाराने सुरक्षिततेची हमी दिली होती आणि त्यानेच अटक केली. हमीदार उभे करून राजकारण करणारा मनुष्य हमीवरच फसला. पुढे पैसा भरून तो सुटला, पुन्हा कारभारी झाला. वेलेस्लीची तैनाती फौज पुण्यात येऊ द्यावयाची नाही, एवढे एकच धोरण त्याने अखेरपर्यंत धरून ठेवले. १३ मार्च १८०० रोजी तो पुण्यास वारला. बाजीरावाने वसईस तैनाती फौज पत्करली ती ३१ डिसेंबर १८०२ रोजी.

त्यास पुत्र राहिला नाही. अल्पवयीन पत्नी जिऊबाई हिला लोहगडच्या आश्रयास जावे लागले आणि पुढे, ज्यांना नानाने जन्मभर दूर ठेवले त्या इंग्रजांनीच तिची नेमणूक ठरविली. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या काठी त्याने बांधलेला वाडा आणि घाट आजही उभे आहेत. त्या वाड्यातील रुमालांत बांधून ठेवलेले कागद मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांच्या हाती आले. त्यांत वकिलांची पत्रे आहेत, हिशेब आहेत, अनेक दरबारांच्या बातम्या आहेत. आई हरवल्याची हकीकत सांगणारा आवाज मात्र त्या एका लहानशा आत्मचरित्रातच राहिला.